माफक दरातलं भरवशाचं पिस्तूल

पिस्तूल विकत घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण सलग बारा वर्षं, मन लावून, एका दिवसाचीही रजा न घेता पिस्तूल विकत न घेणारा माणूस या भूतलावर एकच होऊन गेला आणि तो माझा सख्खा साडू होता. साडू हे नातंच मुळात मोठं गमतीचं. बायको निदान आपण बघून, चहा-पोहे खाऊन, होकार देऊन घरी आणतो. साडू त्या सौद्यात न मागता पदरात पडतो. माझ्या पदरात पडलेले साडू माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, अंगाने किरकोळ, आवाजाने त्याहून किरकोळ आणि स्वभावाने असे की न्हाणीघरात पाल दिसली तर दाराबाहेर उभं राहून माझ्या मेहुणीला हाक मारायचे. त्र्याण्णव साली मी कुवेतमधल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरीला म्हणून उतरलो तेव्हा हे मला विमानतळावर घ्यायला आले होते. गाडी माझ्या मुक्कामाकडे, रिग्गईच्या रस्त्याला लागली. प्रवास कसा झाला, विमानात जेवायला काय दिलं, सासूबाईंचा गुडघा कसा आहे, सगळं विचारून झालं आणि मग एका सिग्नलला थांबल्यावर त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर, तुम्ही कधी पिस्तूल हाताळलंय?" मी डॉक्टर नव्हतो, लोकांचं रक्त तपासणारा साधा टेक्निशियन होतो, पण इस्पितळात काम करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला ते डॉक्टरच म्हणत. मी घाबरून नाही म्हणालो. "हरकत नाही," ते म्हणाले, "मीही नाही." आणि सिग्नल हिरवा झाला.

त्या रात्री मी पुण्याला बायकोला पत्र लिहिलं, तुझ्या बहिणीला नेमकं कुठल्या घरात दिलंय याची एकदा चौकशी कर. तिचं उत्तर आलं, "भाऊंचं पिस्तूल ना? चालू दे त्यांचं. निरुपद्रवी आहे." कुवेतमध्ये परदेशी माणसाने पिस्तूल बाळगणं दूरच, त्याचा विचारसुद्धा मोठ्याने करू नये, हे भाऊंना, म्हणजे माझ्या या साडूंना, माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. हे पिस्तूल लागणार होतं ते दिंडोरीला. तिथे त्यांचा चार एकरांचा द्राक्षाचा मळा होता, मळ्यात घर बांधायचं ठरलं होतं आणि शेजार म्हणाल तर अर्ध्या कोसावर. नोकरी संपवून तिथे कायमचं राहायला जायचं, मात्र जायच्या आधी एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल हवं, ते भरवशाचं हवं आणि माफक दरात हवं, एवढंच त्यांचं म्हणणं. "पिस्तूल ठरलं की निघू," हे वाक्य त्यांच्या घरात देवाच्या फोटोइतकंच कायम होतं. ताई, म्हणजे माझी मेहुणी, ते ऐकून म्हणायची, "ठरू दे बाई एकदा. नाहीतर भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हायचा." तिचे डोळे दिंडोरीकडे लागलेले होते. त्यांच्या अबू हलीफाच्या फ्लॅटच्या गॅलरीतून समुद्र दिसायचा, लोक कौतुकाने बघायचे, आणि ताई समुद्राकडे पाठ करून कुंडीतली कोथिंबीर कुरवाळत बसायची.

भाऊंचं पिस्तूल समजायचं तर आधी त्यांचं काम समजायला हवं. ते रिफायनरीत सेफ्टी व्हॉल्व्हच्या वर्कशॉपमध्ये इंजिनियर होते. सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे मोठमोठ्या टाक्यांवर बसवलेली कुकरच्या शिट्टीची थोरली बहीण. आत एक जाडजूड स्प्रिंग असते. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की ती उचलली जाते आणि कोंडलेली वाफ बाहेर पडते. "त्याने वर्षानुवर्षं गप्प बसायचं असतं, डॉक्टर," भाऊ सांगायचे, "आणि कधीतरी एकदाच उघडायचं असतं. दाब आला आणि उघडला नाही, नापास. दाब यायच्या आत उघडला, तरी नापास. लोकांना वाटतं उघडणं महत्त्वाचं. अहो, वेळ येईपर्यंत न उघडणं हेही तेवढंच महत्त्वाचं." हे मी शुक्रवारच्या जेवणाला जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा वरण वाढून घेतलं नसेल. तपासून पास झालेल्या व्हॉल्व्हवर ते लोक पत्र्याचा एक छोटा बिल्ला अडकवतात, त्यावर तपासणीची तारीख आणि पुढची तपासणी कधी ते कोरलेलं असतं. भाऊंनी ही पद्धत घरी आणली. गॅसच्या नळीला बिल्ला, पंख्याला बिल्ला, इस्त्रीला बिल्ला. कुकरला तर दोन बिल्ले, एक झाकणाला आणि एक शिट्टीला. कुकर लावला की ते हातातलं काम थांबवून शिट्ट्या मोजायचे आणि त्या वेळी पाहुण्यांनीसुद्धा गप्प बसायचं असा दंडक होता. पुढे माझी बायको कुवेतला आली आणि आम्ही रिग्गईला संसार मांडला, तेव्हा त्यांनी आहेर म्हणून आम्हाला कुकरच दिला, अर्थात बिल्ल्यासकट.

अशा माणसाला पिस्तूल घ्यायचं म्हटल्यावर तो दुकानात जाऊन "हे द्या" म्हणेल ही अपेक्षाच चूक. भाऊंनी रीतसर चौकशी काढली. रिफायनरीत एखादा पंप घ्यायचा तर करतात तसा मोठा तक्ता आखला. डाव्या बाजूला पिस्तुलांची नावं, वरती ओळीने कॉलम: गोळी अडकते का, स्प्रिंग कशी, सुटे भाग कुठे मिळतात, साफ करायला सोपं की अवघड, किंमत. प्रत्येक कॉलमला दहापैकी गुण. किमतीचा नियम त्यांनी ब्याण्णव सालीच ठरवून टाकला होता आणि तो असा, की घरातल्या फ्रीजपेक्षा महाग हत्यार घ्यायचं नाही. "फ्रीज रोज उपयोगी पडतो," ते म्हणायचे. "पिस्तूल पडलंच तर एकदा. मग त्याला फ्रीजपेक्षा जास्त पैसे का म्हणून?" हिंदुस्थानात साध्या माणसाला परवान्यावर मिळतील अशी पिस्तुलं मोजकीच, जी बाहेरची होती त्यांच्या किमतीत एक सोडून चार फ्रीज आले असते. शेवटी ताईने यावर तोड काढली. "मग आपण फ्रीजच महागातला घेऊ या ना," ती म्हणाली. भाऊंना तो मुद्दा बिनतोड वाटला. त्या आठवड्यात घरात दोन दारांचा, बर्फ आपोआप पाडणारा फ्रीज आला. पिस्तूल काही आलं नाही, पण ताईच्या भाज्यांची सोय झाली.

लोक त्यांना सांगायचे, भाऊ, रिव्हॉल्व्हर घ्या, साधं काम, अडकायचं नाही, बिघडायचं नाही. यावर मात्र एरवी मवाळ असलेले भाऊ तापायचे. रिव्हॉल्व्हरला मागची गोळी पुढे ढकलणारी स्प्रिंग नसते, आणि ज्या यंत्रात मनासारखी स्प्रिंग नाही ते यंत्र त्यांना अळणी वाटायचं. "स्प्रिंगवर ज्याचा विश्वास नाही," ते म्हणायचे, "त्याने माझ्या टाकीखालून चालू नये." पिस्तूल गोळ्या भरून वर्षानुवर्षं कपाटात ठेवलं तर आतली स्प्रिंग दमते का, हा त्यांचा खास प्रश्न. त्यासाठी त्यांनी बॉलपेनातल्या वीस स्प्रिंगा दोन पट्ट्यांमध्ये दाबून कपाटात ठेवल्या आणि दुसऱ्या वीस स्प्रिंगा रोज सकाळी दात घासताना शंभर वेळा दाबून सोडल्या. दोन वर्षांनी मोजमाप झालं. "दाबून ठेवलेली दमत नाही," त्यांनी मला मोठ्या आनंदाने फोन करून सांगितलं. "सारखी दाबून सोडलेली दमते. माणसाचंही तसंच असेल का हो, डॉक्टर?" मी तेव्हा रक्ताच्या बाटल्यांच्या गराड्यात होतो, हो म्हणून फोन ठेवला.

मूठ हाताला कशी बसते हे कळायला पिस्तूल हातात घ्यावं लागतं आणि कुवेतमध्ये ते शक्य नव्हतं. म्हणून एका शुक्रवारी त्यांनी ताईच्या परातीतला पोळ्यांच्या कणकेचा मोठा गोळा उचलला, मुठीत दाबून त्याला पिस्तुलाच्या मुठीचा आकार दिला आणि गॅलरीत उन्हाला ठेवला. जुलै महिना होता. दोन तासांत ती मूठ अशी कडक झाली की टेबलावर आपटली तर टेबलाला खोच पडली. मग बारीक मूठ, जाड मूठ, तिरकी मूठ असे सात नमुने झाले. त्यांची लेक तेव्हा तिथल्या इंग्रजी शाळेत होती. ती गॅलरीत आली, त्या ओळीने ठेवलेल्या कणकेच्या शस्त्रागाराकडे बघून म्हणाली, "बाबा, जस्ट गेट अ डॉग." कुत्र्यासाठी तक्ता आखावा की नाही याचा भाऊंनी दोन दिवस विचार केला. दरम्यान ताईने सातही मुठी भिजवून कबुतरांना घातल्या, आणि त्या दिवशी आम्हाला पोळ्या कमी पडल्या म्हणून कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, खुबूसच्या रोट्या आणाव्या लागल्या.

आम्हा मराठी लोकांपैकी कुणी सुट्टीवर देशात निघालं की बाकीचे त्याला याद्या द्यायचे. कुणाला गोडा मसाला हवा असे, कुणाला पापड, कुणाला दिवाळी अंक. भाऊ प्रश्नपत्रिका द्यायचे. मी शहाण्णव साली पुण्याला गेलो तेव्हा माझ्याकडे बावीस प्रश्न होते आणि ते मला कॅम्पातल्या एका बंदुकांच्या दुकानात विचारायचे होते. काउंटरमागे एक वयस्कर गृहस्थ पेपर वाचत बसले होते. मी कागद उघडला. "परवाना आहे?" त्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं. नाही म्हणालो. "कोणासाठी?" साडूंसाठी. "साडू कुठे असतात?" कुवेतला. "घेणार कधी?" ते अजून ठरायचंय. "मग प्रश्नही ठरल्यावरच विचारा." मी गयावया केली तेव्हा त्यांनी कागद हातात घेतला आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचला, शंभर गोळ्यांमागे किती अडकतात? "अहो," ते म्हणाले, "आमच्या गिऱ्हाइकाने उभ्या जन्मात पाच गोळ्या झाडल्या तर पुष्कळ. दसऱ्याला पूजा करतात, तेल लावतात, परत कपाटात ठेवतात. देवासारखं असतं ते. देव अडकतो का, असं तुम्ही विचारता का?" हे उत्तर मी भाऊंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, पण गुण दिले नाहीत.

एकदा मात्र पिस्तूल जवळजवळ आलंच होतं. देवळालीला एक निवृत्त कर्नल आपलं जुनं, अस्सल विलायती पिस्तूल विकणार असल्याची बातमी लागली. किंमतही फ्रीजच्या आत बसत होती. भाऊ रजा काढून गेले, सोबत नाशिकचे एक वकील नेले, परवान्याचे कागद पुढे सरकवले. कर्नलांनी चहा दिला आणि पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं. भाऊंनी हात लावला नाही. नुसते वाकून, चष्मा वर करून, तीन तास त्या पिस्तुलाबद्दल बोलत राहिले. ही स्प्रिंग कशी बसवली आहे, ही खाच का ठेवली आहे, आज अशी घडण कोण करतं. कर्नल आधी ऐकत होते, मग खुर्ची पुढे ओढून बसले, मग त्यांनी पिस्तूल हातात घेतलं आणि शेवटी मखमलीत गुंडाळून कपाटात ठेवून दिलं. "इतकं चांगलं आहे हे मला ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. "आता नाही विकत." भाऊ परत आले ते आनंदात. वस्तू योग्य माणसाच्या घरी राहिली याचं त्यांना समाधान होतं. ताई आठ दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. तोवर मळ्यातलं घर बांधून झालं होतं, फरशी बसली होती, आणि चावी या दोघांच्या फ्लॅटमध्ये खिळ्याला लटकत होती.

दसरा आम्ही न चुकता अबू हलीफालाच करायचो. आपट्याची पानं कुठली मिळायला, इमारतीच्या कुंपणाच्या झुडपाची पानं सोनं म्हणून वाटायचो. पाटावर भाऊंचा पाना, ताईची विळी, माझी काचेची एक नळी, लेकीची कंपासपेटी असं सगळं मांडलं जायचं आणि मधोमध थोडी जागा सोडून तिथे एक सुपारी ठेवलेली असायची. ती पिस्तुलाची. आपल्यात जे हजर नाही त्याच्या जागी सुपारी ठेवून पूजा करतात, तशीच. पिस्तूल आणि सुपारी हे दोन शब्द मुंबईच्या माणसासमोर एका दमात उच्चारू नयेत हे मला मान्य आहे, पण त्या सुपारीचा हेतू शुद्ध होता. भाऊ तिला गंध लावायचे, अक्षता वाहायचे, आणि पूजा झाली की पुन्हा चांदीच्या डबीत ठेवायचे. एकच सुपारी बारा वर्षं पुरली.

अशाच एका दसऱ्याला मी तो तक्ता नीट बघितला. कागदाला कागद जोडून तो चादरीएवढा झाला होता. सगळे कॉलम बारीक अक्षरात भरलेले, आणि अगदी उजवीकडे एक शेवटचा कॉलम होता, "ऑपरेटर". तिथे प्रत्येक पिस्तुलापुढे एकच आकडा होता, शून्य. मी विचारलं, हा भरायचा राहिलाय का? भाऊ म्हणाले, "नाही, भरलाय. मशीन कितीही चांगलं असलं तरी चालवणारा कसा आहे ते धरावं लागतं. त्याने बेरीज बिघडते." एवढं बोलून त्यांनी तक्त्याची घडी घातली. मला वाटलं, पालीला भिणारा माणूस, प्रामाणिकपणे स्वतःला शून्य देतोय. मी हसलो. ते हसले नाहीत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, याची मला अजून चुटपुट आहे.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये सीमेपलीकडे पुन्हा लढाई पेटली. कुवेत सिटीच्या बाजूला सारखे सायरन वाजायचे, म्हणून आम्ही नवरा-बायको काही दिवस रिग्गई सोडून अबू हलीफाला राहायला गेलो. त्यांची लेक तोवर पुण्याला कॉलेजात होती. भाऊंनी विषारी वायूच्या धास्तीने आतली खोली तयार करून ठेवली होती, खिडक्यांना चिकटपट्ट्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल, आणि टॉवेललाही बिल्ला. शुक्रवारी दुपारी ताईने कुकर लावला आणि बाहेर सायरन सुरू झाला. आम्ही चौघं आत गेलो, दार लावलं. गॅस चालूच राहिला. बाहेर सायरनचा गळा आणि स्वयंपाकघरात शिट्टी, भाऊ सवयीने मोजत होते, "एक." कुणीतरी काहीतरी बोलावं म्हणून मी थट्टेने म्हणालो, "भाऊ, आत्ता पिस्तूल असतं तर काय केलं असतंत?" भाऊंचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. ताई म्हणाली, "सांगा त्यांना नव्वद सालचं. घरचेच आहेत."

मग भाऊंनी सांगितलं. नव्वदचा ऑगस्ट. याच फ्लॅटमध्ये. गावात इराकी फौजा येऊन दोन आठवडे झाले होते. लेक सहा वर्षांची, तापाने आतल्या खोलीत झोपलेली. बेल वाजली. दारात एक सैनिक उभा होता, पोरगेला नव्हे, चांगला भाऊंच्याच वयाचा, दाढी वाढलेली, मिशीत पांढरे केस. खांद्याला बंदूक. त्याने हात तोंडाकडे नेऊन खायला मागितलं. ताईने पोळी-भाजी वाढली. तो दाराशी चपलांच्या स्टँडला बंदूक टेकवून जमिनीवर मांडी घालून बसला आणि दोन्ही हातांनी खाऊ लागला. बंदूक भाऊंपासून चार फुटांवर होती.

"पाच मिनिटं, डॉक्टर," भाऊ म्हणाले. "मी घड्याळ बघत होतो. आत बेबी झोपलेली, समोर ही, आणि बंदूक चार फुटांवर. माझा हात उठलाच नाही. त्याने मनात काही वाईट आणलं असतं तर? तो जेवला, पाणी प्यायला, छातीवर हात ठेवून निघून गेला. पण मी? वेळ आली आणि व्हॉल्व्ह उघडला नाही, तर आम्ही त्याला काय करतो? भंगारात टाकतो." बाहेर सायरन चालू होता. "मला वाटलं, आपलं स्वतःचं, ओळखीचं, भरवशाचं हत्यार असलं तर उठेल हात. मग त्याच्याहून भरवशाचं, मग त्याच्याहून. पण शेवटचा कॉलम काही सुधारेना. अशा माणसाने तुम्हाला घेऊन रानात राहायला कसं जायचं?" हे शेवटचं ते ताईला म्हणाले. बारा वर्षं ती ज्याला हट्ट समजत होती ते हे होतं.

ताई दाराच्या फटीतला ओला टॉवेल पायाने दाबून उभी होती. तिथूनच तिने विचारलं, "दाब किती होता?"

"कसला?"

"त्या माणसाचा. त्या दिवशी. दाब किती होता?"

भाऊंनी चष्मा काढून हातात घेतला.

"भुकेला होता तो," ताई म्हणाली. "दोन पोळ्या वाढल्यावर हातानेच बस म्हणाला. तिसरी अर्धी मोडून घेतली आणि अर्धी परत ठेवली, आपल्याला राहावी म्हणून. मी वाढत होते, मी त्याचे डोळे बघितले, तुम्ही घड्याळ बघत होतात. हा काय दाब झाला? आणि दाब यायच्या आत उघडला तर? बारा वर्षं माझ्या ताटापुढे बसून सांगताय. काय म्हणता तुम्ही त्याला?"

"नापास," भाऊ इतक्या हळू म्हणाले की मला ओठांवरून कळलं.

"मग? तुम्ही हात घातला असतात तर आपल्यातलं कोण उरलं असतं? पास आहात तुम्ही. तेव्हाच पास झालात." तिने पायाने टॉवेल पुन्हा दाबला. "आता घरी चला."

सायरन थांबला. एकनंतर कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते त्या दिवशी पहिल्यांदाच भाऊंनी मोजलं नव्हतं. वरण खाली लागलं होतं. आम्ही ते करपलेलं वरण चौघांनी खाल्लं आणि भाऊंनी दोनदा वाढून घेतलं.

लढाई सरल्यावर महिनाभराने भाऊ एकटेच रिग्गईला आमच्याकडे आले. ताईशिवाय ते कधी आले नव्हते. त्यांनी तक्त्याची फाइल माझ्या हातात दिली आणि चहा न घेताच गेले. मी तक्ता जमिनीवर पसरला. शेवटच्या कॉलममधली सगळी शून्यं एका सरळ रेघेने खोडली होती आणि तिथे काहीच नवीन लिहिलं नव्हतं. खाली, त्यांच्या ठेवणीतल्या अक्षरात, कंपनीत लिहितात तसा शेरा होता: "सर्व वस्तू चांगल्या आहेत. गरज उरलेली नाही. चौकशी बंद." त्याच उन्हाळ्यात दोघं दिंडोरीला गेली. खिळ्यावरची चावी ताईने विमानात पर्सऐवजी मुठीत धरून नेली.

त्या साली दसऱ्याला मी मुद्दाम रजा टाकून मळ्यात गेलो. पाटावर पाना होता, विळी होती, द्राक्षं छाटायची कात्री होती. मधोमध जागा सोडलेली नव्हती. "सुपारी कुठाय?" मी विचारलं. "कातरून खाल्ली," भाऊ म्हणाले. "बारा वर्षांची होती. दाढ दुखतेय." दोन वर्षांनी मळ्यात खरंच चोर आले आणि विहिरीवरची मोटर घेऊन गेले. भाऊ चोरांवर चिडले नाहीत, त्यांना एवढंच वाईट वाटलं की मोटरीचा बिल्ला खुंटीवरच राहिला, आता पुढची तपासणी कधी ते त्या बिचाऱ्यांना कळणार कसं. ताई अंगणात कोथिंबिरीचे वाफे लावायची आणि भाऊ त्यांच्या कडेने हात पाठीशी बांधून फिरायचे. पाच वर्षं ती दोघं तिथे दाराला एक साधी कडी लावून सुखाने झोपली. मग एका थंडीत भाऊ सकाळी उठलेच नाहीत.

वर्षश्राद्ध झाल्यावरच्या दसऱ्याला मी पुन्हा गेलो. पाट मांडलेला होता, पाना तेलपाणी करून ठेवला होता, आणि मधोमध थोडी जागा सोडून तिथे एक सुपारी ठेवलेली होती. मला कळेना. "ताई, ही कशाची?" मी म्हणालो. "पिस्तुलाची चौकशी तर बंद झाली होती."

ताई अक्षता वाहत होती. "ही ह्यांची," ती म्हणाली. "घरात भरवशाचं ते एकच होतं."

मी वाकून सुपारीला नमस्कार केला. आत कुकरची शिट्टी झाली, आणि आम्ही दोघंही बोलायचं थांबून मोजायला लागलो.